मेमरीला पत्ता नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नकाशा कार्यालयाचे संचालक महोदय, प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या आपल्या माजी संचालिकाबाई, मंचावर बसलेले लेखापाल, समोर बसलेले माझे सगळे सहकारी, खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे राहिलेले आमच्या विभागाचे आरेखक, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी धाकटी बहीण, जी आत्तापासूनच मला डोळ्यांनी खुणावते आहे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? येतंय. आपल्या सभागृहातला माईक दर समारंभात शिट्ट्या मारतो. आज अगदी शहाण्यासारखा वागतो आहे. त्याचं कारण मी शेवटी सांगणार आहे.

माझ्याबद्दल इथे बरंच चांगलं बोललं गेलं. मी शिस्तीची आहे, वेळेची पक्की आहे, माझ्या हाताखाली रेघ चुकत नाही. सगळं खरं आहे, त्यामुळे उगाच लाजत नाही. कुणीतरी मला मायाळूही म्हणालं. ते कोण म्हणालं ते मी पाहून ठेवलंय. ज्यांनी नीट अभ्यास न करता भाषण केलं त्यांना मी अजून अर्धा दिवस तरी वरिष्ठ आहे. मला या इमारतीत मागे ‘फूटपट्टी’ म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मला ते नाव आवडतं. फूटपट्टी कुणाचं तोंड बघून लांबी सांगत नाही.

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्याहून कमी बोलणार आहे. मी दोन अक्षरांवर बोलणार आहे. एक अक्षर ‘ला’ आणि दुसरं अक्षर ‘चा’. ही दोन अक्षरं कुणाची ते आमच्या विभागात सगळ्यांना कळलंय, कारण दाराशी उभे असलेले आरेखक आत्ताच सरळ झाले. बाकीच्यांसाठी पहिल्यापासून सांगते. घाई करणार नाही. निरोपाच्या भाषणाला मध्येच थांबवायची पद्धत नसते, आणि ही सोय मला नोकरीत पहिल्यांदाच मिळते आहे.

आम्ही नकाशे काढतो. पूर्वी शाईने काढायचो, मग संगणकावर काढू लागलो. नद्यांच्या खोऱ्यांचा मोठा नकाशा हाती घेतला तेव्हा गाडं अडलं. एक पान उघडायचं म्हणजे आरेखकाने बटण दाबायचं, चहाला जायचं, चहा पिऊन यायचं, आणि मशीन तसंच तोंड पाडून बसलेलं असायचं. वर आणखी एक पान उघडलं तर सगळंच बंद पडायचं आणि सकाळपासूनचं काम वाया जायचं. मशीनला मेमरी कमी पडते, असं आम्हाला सांगण्यात आलं. मेमरी म्हणजे काय, तर मशीनचं कामाचं टेबल. कपाट कितीही मोठं असो, टेबल लहान असलं तर मोठा नकाशा पसरता येत नाही. एवढं मला कळलं, आणि मी टेबल मोठं करून मागितलं. मागत राहिले. अखेर मंजुरी मिळाली. प्रत्येक मशीनमध्ये चार जीबी मेमरी बसवायची ठरली.

बसवायला आला आपला संगणक दुरुस्तीवाला. त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. का म्हणतात ते त्याने एकदा ‘नमस्कार’ म्हटलं की कळतं. तळमजल्यावर तो शिंकला तर दुसऱ्या मजल्यावर आमची रेघ हलते. मला आधीच सांगून टाकू द्या, की हा माणूस मला आवडत नव्हता. माझ्या आरेखनाच्या टेबलावर तो स्क्रू ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, “मॅडम, टेबल काय तुमच्या माहेरचं आहे का?” कामात ठीक, बोलण्यात नको इतका. स्वतःला सगळं येतं असं त्याचं म्हणणं, आणि त्यातलं निम्मं त्याने कुणाकडून तरी फोनवर ऐकलेलं असायचं. आजही तो मला फार आवडतो असं नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण मी आज जे बोलणार आहे ते प्रेमापोटी बोलते आहे असा कुणी समज करून घेऊ नये.

भोंग्याने गाजावाजा करत मेमरीच्या पट्ट्या बसवल्या. मशिनं खरोखर जोरात पळायला लागली. आरेखकांचा चहा निम्म्यावर आला. आणि मग आपले लेखापाल तपासणीला आले. लेखापाल, तुम्ही मान खाली घालू नका, तुमचं काम तुम्ही केलंत. खरेदी केलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघायची ही तुमची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पंखा असेल तर तुम्ही पंखा फिरवून बघता. मेमरी डब्याच्या आत असते, ती बघायची कशी? भोंगा म्हणाला, पडद्यावर दिसते की. आणि त्याने मोठ्या तोऱ्यात ती माहितीची खिडकी उघडून दाखवली.

तिथे लिहिलं होतं, बसवलेली मेमरी चार जीबी. आणि पुढे कंसात, वापरण्याजोगी सव्वातीन.

लेखापालांनी दूधवाल्याला विचारावं तसं विचारलं, “चार घेतली, सव्वातीन भरली. पाऊण कुठाय?”

भोंग्याला उत्तर येत नव्हतं. पण येत नाही हे म्हणणंही त्याला येत नाही. तो म्हणाला, असं असतंच. दुसरं मशीन उघडलं, तिथेही सव्वातीन. तिसरं उघडलं, तिथेही तेच. आता तुम्हीच सांगा, प्रत्येक मशीनमधून सारखीच पाऊण गायब असेल तर काय वाटायला हवं? मला वाटलं असतं की यामागे काहीतरी नियम आहे. चोर इतका मोजूनमापून चोरत नाही. पण कार्यालयाला वाटलं, चोर फार शिस्तीचा आहे.

समिती बसली. अध्यक्ष महोदय, समितीचे अध्यक्ष आपणच होता. मी त्या समितीत विभागप्रमुख म्हणून हजर होते, मत द्यायचा अधिकार नव्हता, पण कान होते. त्यामुळे जे झालं ते ऐकीव सांगत नाही.

दरम्यान भोंग्याने पुरवठादाराला फोन केला होता आणि तिकडून त्याला एक वाक्य मिळालं होतं. अर्थ नव्हता मिळाला, वाक्य मिळालं होतं. तेवढं भांडवल घेऊन तो समितीपुढे उभा राहिला. पाऊण जीबी कुठे आहे, असं विचारल्यावर तो छाती काढून म्हणाला, “साहेब, उरलेल्या मेमरीला पत्ता नाही.”

अध्यक्षांनी विचारलं, “म्हणजे कुठे गेली ते तुलाही ठाऊक नाही?”

“गेली कुठेच नाही. तिथेच आहे.”

“तिथे आहे तर दाखव.”

“दाखवता येत नाही ना साहेब. तिला पत्ता नाही म्हणून तर.”

लेखापालांना हसू आलं. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. कुणालाही येईल. आणि मग समितीने आपला निष्कर्ष लिहिला. तो याच सभागृहात, सगळ्या कर्मचाऱ्यांपुढे, याच माईकवरून वाचून दाखवला गेला. ‘उरलेल्या मेमरीचा पत्ता नाही, हे संबंधित कर्मचाऱ्याने मान्य केले.’

ऐकलंत? तो म्हणाला होता, मेमरीला पत्ता नाही. वाचलं गेलं, मेमरीचा पत्ता नाही. ‘ला’ चा ‘चा’ झाला. मी मराठी घेऊन पदवीधर झाले नाही, भूगोल घेऊन झाले, पण शाळेत विभक्ती मलाही शिकवली होती. तुमच्या घराला पत्ता नाही म्हटलं तर दारावर क्रमांक नाही एवढाच अर्थ होतो. तुमच्या घराचा पत्ता नाही म्हटलं तर घरच नाहीसं झालं. एका माणसाची उभी नोकरी एका प्रत्ययावरून घसरली. त्याने मशीनच्या अडचणीबद्दल सांगितलं होतं. समितीने ते चोरीची कबुली म्हणून ऐकलं.

मी तेव्हाच उठून हरकत घेतली. मला सांगण्यात आलं, “बाई, शब्दांचा कीस पाडू नका.” ज्या कार्यालयात एका टिंबाने गाव नदीच्या पलीकडे जातं, तिथे मला हे सांगण्यात आलं.

भोंग्याच्या सेवापुस्तकात तसा शेरा पडला आणि त्याला संगणकांना हात लावायला बंदी झाली. त्याला तळघरातल्या भांडारात बसवलं. जुन्या खुर्च्या, तुटकी टेबलं, गुंडाळलेले फलक आणि तो. लोक जाता येता म्हणायचे, याचा पत्ता कट झाला. विनोद चांगला होता, सगळ्यांनी केला. जेवायच्या सुट्टीत त्याच्या शेजारी डबा ठेवला की लोक म्हणायचे, पाऊण पोळी सांभाळा. तो आधी उलटून बोलायचा. मग हसायचा. मग नुसता डबा घेऊन खाली जायला लागला.

मी आठवडाभर खूष होते. खोटं बोलत नाही. माझ्या टेबलावर स्क्रू नव्हता आणि कानाला आराम होता. त्यानंतर एक दिवस त्याची बायको माझ्या घरी आली. ती शिंप्याच्या दुकानात काजं करते. दारातच उभी राहिली, पाणी नको म्हणाली. तिने तक्रार केली नाही, रदबदलीही केली नाही. तिने एकच विचारलं.

“मॅडम, मला फक्त खरं सांगा. त्यांनी घेतली का?”

मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, “मला वाटायचं नाही घेतली. पण हल्ली ते घरात हळू बोलतात.”

एवढं सांगून ती गेली. मी दार लावलं. भोंगा हळू बोलतो. मंडळी, मला त्या माणसाचा आवाज कधीच आवडला नव्हता. पण तो बंद व्हावा असं मी म्हटलं नव्हतं, आणि बंद करायचाच असेल तर कारण खरं असायला हवं.

मग मी माझ्या बहिणीकडे गेले. ती कॉलेजात संगणक शिकवते. हो, तीच, तिसऱ्या रांगेतली. आज घरून निघताना तिने मला बजावलं, “ताई, आज तरी गोड बोल.” पण हे सगळं मला तिनेच शिकवलंय, त्यामुळे दोष निम्मा तिचा आहे. तिने आधी सरळ सांगितलं, “ताई, मशीनला जेवढं मोजता येतं तेवढंच त्याला वापरता येतं.” मला कळलं नाही. तिने आकडे सांगितले, तेही कळले नाहीत. ती चिडली, मी चिडले, तिचा नवरा बाहेर फिरायला गेला. अखेर मी तिला म्हटलं, थांब, हे मी माझ्या भाषेत करून बघते. आणि मग मला सगळं एका क्षणात कळलं, कारण हे मी माझ्या नोकरीच्या सुरुवातीला डोळ्यांनी पाहिलं होतं.

मला पहिलं काम मिळालं ते एका नव्या वसाहतीच्या मोजणीचं. तिथे घरांना क्रमांकाच्या पाट्या लावल्या होत्या आणि पाटीवर तीनच आकडे मावत. म्हणजे पाट्या हजाराच्या आतच. तेवढी घरं होतीही. पण वसाहतीत फक्त घरं नसतात. पाण्याची टाकी असते, दवाखाना असतो, विजेचं केंद्र असतं, शाळा असते. त्यांनाही टपाल येतं, त्यांनाही क्रमांक लागतो. ते क्रमांक शेवटून राखून ठेवले. मग शेवटच्या गल्लीतल्या घरांसाठी पाट्याच उरल्या नाहीत. घरं पक्की, भिंतींना रंग, आत माणसं, खिडकीत कपडे वाळत घातलेले. पण दारावर क्रमांक नाही. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि मागे फिरायचा. त्याच्या दृष्टीने ती गल्ली नव्हतीच. आता मला सांगा, ती घरं कुणी चोरून नेली होती का?

आपल्या मशीनचं तेच. मशीनवर जी मुख्य व्यवस्था चालते, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, आपली बत्तीस बिटांची होती. तिच्या पाटीवर आकडेच तेवढे मावत. एकूण पत्ते चारशे कोटींहून थोडे जास्त, म्हणजे बरोबर चार जीबीला पुरतील इतके. ऐकायला भरपूर वाटतात. पण पडद्यावर चित्र दाखवणारं कार्ड, इंटरनेटच्या जाळ्याशी जोडणारं कार्ड, आणखी काय काय, या सगळ्यांनाही त्यातूनच पत्ते द्यावे लागतात. ते राखून ठेवल्यावर मेमरीच्या वाट्याला पत्ते उरतात सव्वातीन जीबीचे. बाकीची पाऊण डब्यात असते, पट्टीवर असते, हाताला लागते. फक्त व्यवस्थेच्या लेखी ती गल्ली नाही. तुम्ही आठ जीबी बसवा, सोळा बसवा, त्या मशीनला वापरता येईल ती सव्वातीनच. किती बसवलंय हा एक प्रश्न, आणि त्यातलं किती कामी येतं हा दुसरा. बहिणीने मला विचारलं, कळलं का? मी म्हटलं, मशीनचं कळलं. कार्यालयाचंही कळलं.

मी हे समितीला समजावायला गेले. अध्यक्ष महोदय, आपण म्हणालात की हे माझं मत झालं. बरोबर आहे. म्हणून मी म्हटलं, मत बाजूला ठेवा, आपल्या खोलीतलं मशीन बघू. ते तर पुरवठादाराच्या माणसाने बंद खोक्यातून काढून लावलं होतं. खोलीची किल्ली आपल्या खिशात असते. भोंग्याने त्या खोलीत पाऊल ठेवलेलं नव्हतं, कारण त्याच्या आवाजाने आपलं डोकं दुखतं. आम्ही सगळे आत गेलो. आपण स्वतः ती खिडकी उघडलीत. बसवलेली चार. कंसात सव्वातीन.

मला वाटलं, झालं, सुटला बिचारा. आपण खुर्चीत मागे टेकलात आणि म्हणालात, “म्हणजे माझ्याही मशीनमधली नेली.”

हसू नका. म्हणजे हसा, पण लक्षात ठेवा, त्या दिवशी भोंग्यावरचा आरोप कमी झाला नाही. वाढला.

मी तिथेच म्हटलं, मग दुसरा प्रयोग करू, आणि तो होईपर्यंत मी या खोलीतून हलणार नाही. त्याच मशीनच्या डब्यावर कागद चिकटवला, त्यावर समितीच्या सह्या घेतल्या, म्हणजे आत कुणी हात घालू नये. पुरवठादाराकडचा माणूस बोलावला आणि त्याच्याकडून जुनी व्यवस्था काढून चौसष्ट बिटांची नवी व्यवस्था घालून घेतली. पट्टी तीच, डबा तोच, कागद तसाच चिकटलेला. फक्त पाटीवर आकडे जास्त मावणारे. भोंगा बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. काम चालू असताना समितीने चहा घेतला, खारी खाल्ली, कुणाचे गुडघे का दुखतात यावर चर्चा झाली. मग मशीन सुरू झालं. आपण खिडकी उघडलीत. कंसातला आकडा चारला जाऊन टेकला होता.

शेवटच्या गल्लीत पोस्टमन पोहोचला होता. आणि आपले लेखापाल हळूच म्हणाले, “म्हणजे आणून ठेवली का त्याने परत?”

लेखापाल, आज तुम्हीच सर्वांत मोठ्याने हसता आहात, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे. तुम्ही नंतर भांडारात जाऊन त्याच्याशी बोललात, हेही मला माहीत आहे. तुम्ही एकटे गेलात, कुणाला सांगितलं नाहीत. मी सांगते आहे.

आता अध्यक्ष महोदय, आपल्याकडे वळते. आपण त्या दिवशी म्हणालात की गैरसमज दूर झाला, प्रकरण मिटलं, आता ताणू नका. मी विचारलं, मग तो खालून वर कधी येणार? आपण म्हणालात, प्रशासकीय सोय बघून. मी विचारलं, आणि तो निष्कर्ष? आपण म्हणालात, “बाई, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, सोडून द्या.” मेमरीचं माप मी शिकले होते. मनाचं माप इथे कुठून आलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. सगळ्या मशीनमध्ये चौसष्ट बिटांची व्यवस्था आली. खोऱ्यांचे नकाशे भराभर उघडू लागले. पाऊण जीबी कामाला लागली. माणूस मात्र तळघरातच राहिला. प्रशासकीय सोय अजून झालेली नाही. त्याच्या सेवापुस्तकातला शेरा तसाच आहे. आणि तो वर यावा म्हणून मागे लागणारं या इमारतीत एकच माणूस होतं, जे आज निवृत्त होतंय. उद्यापासून माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. त्यांना हे प्रकरण माहीत नसेल, आणि जुनं उकरून काढू नका असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं जाईल. म्हणून मी आजच बोलते आहे.

इथे आपल्या माजी संचालिकाबाई बसल्या आहेत. त्यांच्या हाताखाली मी तयार झाले. मी नवी असताना एका नकाशात चुकीच्या काठावर पूल दाखवला गेला होता. छापून गेला होता. आम्ही म्हटलं, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू. बाईंनी आम्हाला उभं केलं आणि सांगितलं, चूक ज्या आकारात छापली त्याच आकारात दुरुस्ती छापायची, आणि जिथे जिथे नकाशा गेला तिथे तिथे दुरुस्ती पोहोचवायची. तेव्हापासून या कार्यालयाचा तो नियम आहे. बाई मान हलवताहेत, म्हणजे मला बरोबर आठवतंय.

त्या नियमाने मी एवढंच म्हणते की चूक याच सभागृहात, याच माईकवरून, सगळ्यांच्या समोर वाचली गेली. दुरुस्ती खोलीत कानात सांगून भागणार नाही.

मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं की मी सल्लागार म्हणून येत राहीन आणि खोऱ्यांचा नकाशासंग्रह पुरा करून देईन. टाळ्याही झाल्या. मला विचारलं नव्हतं, पण मी नाही म्हणत नाही. जुन्या पानांवर कुठली नदी कुठे सरकवली आहे, हे आता मलाच ठाऊक आहे, आणि काम अर्धवट टाकून जायची मला सवय नाही. मी येईन, मानधन न घेता येईन. पण त्याआधी अध्यक्षांनी या माईकवर येऊन एक वाक्य म्हणायचं आहे. ‘उरलेल्या मेमरीला पत्ता नव्हता, आणि ती कुणीही नेली नव्हती.’ एवढंच. क्षमा मागा असं मी म्हणत नाही. कुणाला खाली पाहायला लावायचं नाही. खरं तर जुन्या वाक्यात एकच अक्षर बदलायचं आहे. त्यानंतर तो शेरा निघेल, आणि तो माणूस उद्या आपल्या हत्यारांची पेटी घेऊन वर येईल. माझ्या टेबलावर स्क्रू ठेवेल. मी त्याला रागावेन.

हे वाक्य म्हटलं गेलं नाही, तर मी उद्यापासून घरी आहे. ही अट आहे. धमकी वाटली तरी माझी हरकत नाही. माझ्यासमोर हे घड्याळ ठेवलं आहे, आपण सर्वांनी प्रेमाने आणलेलं. सुंदर आहे. ते तोपर्यंत टेबलावरच राहू दे.

अध्यक्ष महोदय, आपण मघापासून मंचामागच्या पडद्याच्या दिशेने हाताने खूण करता आहात. आवाज बंद करा, अशी ती खूण असावी. ती पोहोचते आहे, पण उपयोग व्हायचा नाही. मी सुरुवातीला म्हटलं होतं ना, माईक आज शिट्टी मारत नाही. ध्वनिक्षेपकाची पेटी भांडारात ठेवलेली असते, आणि भांडारात कोण असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पडद्यामागे तोच बसलाय. आपल्या कार्यालयात ज्याला हळू बोलायची सवय लागली, त्याने आज माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेला. त्याची बायको तिथे, शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ बसली आहे. मीच बोलावलंय तिला. तिने मला विचारलं होतं ते मी त्या दिवशी सांगू शकले नव्हते, कारण मला माहीत नव्हतं. आता सांगते. नाही, बाई. त्यांनी घेतली नाही. तिथेच होती.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सहन केलंत, माझ्या फूटपट्टीला घाबरलात आणि तरीही रेघा सरळ काढल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. माजी संचालिकाबाई वयाची तमा न बाळगता आल्या, त्यांचे ऋण वेगळे. ज्यांनी खुर्च्या मांडल्या, फुलं लावली, पाणी ठेवलं, त्यांचे आभार. बहिणीचे आभार, आणि गोड बोलता आलं नाही म्हणून तिची क्षमा. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द जास्त कडक गेला असेल, तर वडीलकीच्या नात्याने बोलले म्हणून पोटात घाला. शब्दांत काही कमीजास्त झालं असेल. प्रत्ययांत मात्र नाही, ते मी तपासून बोलले आहे.

अध्यक्षीय समारोप अजून व्हायचा आहे. मी माईक बंद करत नाही. चालूच ठेवून खाली बसते.